ब्रेकमास्तरांच्या घरचं स्टँडअप

टीव्हीवरच्या सिनेमात एखादी गाडी वळणावर जरा जोरात आली, की सोफ्यावर बसलेल्या ब्रेकमास्तरांचा उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला जायचा. त्या जागी गालिच्याला चक्क टक्कल पडलं होतं.

"अहो, गाडी सिनेमात आहे आणि पाय माझ्या गालिच्यावर आहे," बायको म्हणायची.

"अगं, पण थांबली ना?" मास्तर म्हणायचे.

मास्तरांचा सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला होता. गाडी शिकवायची त्यांची शाळा. गाडी एक, ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. अख्खं शहर त्यांच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेलं. पोस्टमनपासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली होती. "क्लच सोडतोयस का दावणीची गाय सोडतोयस?" "आरशात बघ म्हटलं, भांग नाही पाडायचाय!" मास्तर घसा ताणून ओरडायचे आणि शिकणारे स्टिअरिंग धरायच्या ऐवजी पोट धरून हसायचे.

हॉर्नच्या बाबतीत मात्र मास्तर अजिबात विनोद करत नसत. "हॉर्न म्हणजे शिवी. द्यायचीच असेल तर काच खाली कर आणि तोंडाने दे. निदान ओळख तरी होईल!" आता अख्ख्या शहराचा मास्तर एकच म्हटल्यावर व्हायचं ते झालं. शहरात हॉर्न वाजेनासा झाला. गाड्या समोरासमोर आल्या की माणसं काचा खाली करायची, "तुम्ही व्हा पुढे", "छे छे, तुम्ही व्हा" चालायचं, आणि मागचे लोक तेवढ्यात वर्तमानपत्र वाचून घ्यायचे.

आणि ह्या शांततेचाच वास कुठूनतरी लॅपटॉपवाल्यांना लागला.

मोठाल्या शहरांतली नोकरी, पण काम घरूनच. मग घर कुठेही असलं तर काय बिघडलं? बघता बघता सगळ्यांच्या वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. लायब्ररीच्या वाचनकक्षात पुस्तकं कमी आणि चार्जर जास्त दिसायला लागले. पूर्वी रस्त्यात एकटंच बोलणारा माणूस दिसला की लोक काळजीने बघायचे. आता त्याच्या कानात काहीतरी असतं हे कळल्यापासून बाजूला होऊन वाट द्यायला लागले. सगळ्यात हैराण झाला तो इस्त्रीवाला. त्याच्याकडे नुसते शर्टच यायचे. पँट म्हणून नाही. "मास्तर," तो एकदा गंभीरपणे म्हणाला, "आपल्याकडे हल्ली माणसं कमरेपर्यंतच राहायला येतात."

मास्तरांची मुलगीही अशीच आली. दोन स्क्रीन, एक खुर्ची आणि वायरींचं एक भलंथोरलं भेंडोळं घेऊन ती आपल्या जुन्या खोलीत शिरली आणि पहिल्याच दिवशी तिने दोघांना नियम सांगितला.

"आई, अहो बाबा, रोज दहा वाजता माझं स्टँडअप असतं. तेवढा वेळ मिक्सर लावू नका हं."

मास्तरांच्या कानात 'स्टँडअप' नंतर शिरलं. आधी टोचलं ते 'अहो बाबा'.

त्याचं असं होतं, की लहानपणापासून ते 'ए बाबा' होते. "ए बाबा, पाठीवर घे", "ए बाबा, चल ना". मग ती गाडी शिकायच्या वयाची झाली. सगळ्या शहराला शिकवलेल्या माणसाने स्वतःच्या मुलीला शिकवायला घेतलं, आणि पाण्याच्या टाकीपाशी, चौकात, गाडी तीनदा बंद पडली. मास्तर ओरडले. सगळ्यांवर ओरडायचे तसेच. पण सगळे हसायचे, ती हसली नाही. तिचा पाय ब्रेकवर जायच्या आतच मास्तरांनी आपला दाबला होता. "ए बाबा, मला एकदा चुकू तरी दे ना!" ती म्हणाली. "चुकायला गाडी म्हणजे काय पाटी आहे? पुसली की झालं?" मास्तर म्हणाले. तिने चावी काढली, त्यांच्या हातावर ठेवली आणि चालत घरी गेली. संध्याकाळी जेवायला हाक मारताना म्हणाली, "अहो बाबा, पानं घेतलीत."

मराठीत माणसाला लांब जायला बॅग भरावी लागत नाही. एक 'अहो' पुरतो. त्यानंतर बापलेकीत 'जेवलीस का' आणि 'हो' ह्यापलीकडे फारसं काही झालंच नव्हतं.

म्हणून 'स्टँडअप' कानात शिरल्यावर मास्तर जागच्या जागी उभेच राहिले. स्टँडअप त्यांना माहीत होतं. मोबाइलवर यायचं ते. एक माणूस माइक घेऊन उभा राहतो, चुरूचुरू बोलतो, लोक हसून हसून खुर्चीवरून पडतात. आणि हे आपली मुलगी करते? रोज? पगारी?

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोचा खांदा हलवला. "आपली पोरगी विनोदी निघाली! माझ्यावर गेली!"

बायको काहीतरी चिरत होती. तिने सुरी थांबवून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चिरायला लागली. तिच्या त्या बघण्यात काहीतरी होतं, पण मास्तरांना त्या दिवशी कशातच काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना मास्तर मुलीच्या दाराबाहेर स्टूल घेऊन बसले. मुलीने कानाला हेडफोन लावलेला असल्यामुळे पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं ऐकू यायचं.

"काल मी तीन बग पकडले," ती आत म्हणाली. "त्यातला एक आपण मागच्या आठवड्यात मारला होता तोच आहे. परत उठलाय."

मास्तरांनी तोंडावर हात दाबला. मेलेला किडा परत उठला! काय कल्पना आहे!

"नाही नाही, नीट पुरला होता. मी स्वतः बघितलं होतं."

"हाहाहा!" मास्तरांना राहवलं नाही.

"आणि सर्व्हर सकाळपासून झोपलाय. त्याला कुणीतरी उठवा, नाहीतर सगळे ताटकळत बसतील."

"सर्व्हर म्हणजे वाढपी," मास्तर बायकोला कुजबुजून समजावायला लागले. "हॉटेलात लोक ताटावर बसलेत आणि वाढपी झोपलाय! हो हो हो!"

"स्टूल उचला, केर काढायचाय," बायको म्हणाली.

मग तो नेमच झाला. सगळेच विनोद कळायचे असं नाही. 'पाईपलाईन तुंबलीये' वर ते अंदाजाने हसले. 'माझी ब्रँच तुटली' वर त्यांना झाडावरून पडणारा कुणीतरी डोळ्यांसमोर आला आणि ते मनापासून हसले. एखाद्या दिवशी ती नुसतीच "काही नवीन नाही, कालचंच पुढे चालू आहे" म्हणायची. त्या दिवशी मास्तर जास्त जोरात हसायचे. कलाकाराचा वाईट दिवस असला की घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं असतं.

आता एवढं सुख माणसाने पोटात किती दिवस ठेवायचं? बागेतल्या बाकावर दाताचे डॉक्टर भेटले. दोघे बालमित्र, म्हणजे जन्माचे वैरी. डॉक्टरांचा मुलगा व्हायोलिन वाजवायचा आणि ते व्हायोलिन मास्तरांना गेली कित्येक वर्षं बाकावर बसून ऐकून घ्यावं लागत होतं.

"मुलगी काय करते रे तुझी? दिवसभर दार लावून असते म्हणे," डॉक्टरांनी दाढ चाचपावी तसं विचारलं.

"स्टँडअप," मास्तर म्हणाले.

"काय सांगतोस! ती? ती तर तोंडातून शब्द काढत नाही. मी तिची दाढ काढली तेव्हासुद्धा ओरडली नव्हती."

"आतल्या गाठीची आहे. रोज दहाला असतं. मोठमोठे लोक ऐकतात."

"एखादा विनोद सांग की तिचा."

मास्तरांनी घसा खाकरला. "काल मी तीन बग पकडले."

"बरं."

"त्यातला एक मेलेला होता."

"बरं मग?"

"तो परत उठला!"

डॉक्टर बराच वेळ पुढचं ऐकायला थांबले. मग पुढे काही नाही हे लक्षात आल्यावर सावकाश म्हणाले, "हल्लीचा विनोद आपल्या वेळेसारखा नसतो, नाही का?"

"तेच तर! वरच्या दर्जाचा आहे!"

ही बातमी बाकावरून उठली ती थेट लायब्ररीत पोचली. लायब्ररीवाल्या बाईंच्या डोक्यात कधीपासून एक कार्यक्रम घोळत होता. जुने रहिवासी आणि नवे लॅपटॉपवाले एकाच वाचनकक्षात बसतात, पण एकमेकांशी चार्जरशिवाय बोलत नाहीत. त्यांची ओळख करून द्यायची, तर हसवणारं कुणीतरी हवं. त्यांनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, तुमची मुलगी करेल का हो?"

"करेल का म्हणजे? रोज करते!"

"मग पाटीवर नाव काय लिहू?"

मास्तरांना जरा नाटकीपणा सुचला. "नाव नको. ऐनवेळी पडदा उघडू. लिहा, 'ब्रेकमास्तरांच्या घरचं स्टँडअप'."

पाटी लागली. मुलीला सांगायचं तेवढं राहून गेलं. रोज सांगू म्हणायचे आणि रोज 'अहो बाबा, काय?' ऐकून 'काही नाही, जेवलीस का' वर गाडी यायची. तिचं काहीतरी रिलीज का काय होतं, त्यामुळे ती खोलीबाहेर पडत नव्हती. बघता बघता कार्यक्रमाचा दिवस उजाडला.

सकाळी मास्तर माइक चालतोय का बघायला लायब्ररीत गेले. तिथे चार्जरच्या सॉकेटपाशी दाढी बसली होती. दाढी म्हणजे डॉक्टरांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. हनुवटीपासून छातीपर्यंत दाढी आणि वरच्या टोकाला हसरे डोळे.

"मास्तर, पाटी बघितली," दाढी म्हणाली. "संध्याकाळी पाच ही काय स्टँडअपची वेळ आहे का? आमचं साडेनऊला असतं."

"तुम्हीपण करता?" मास्तरांना आनंद झाला.

"करायलाच लागतं. इथे बसलेले सगळेच करतात." दाढीने खोलीभर हात फिरवला. हेडफोन लावलेली, मान खाली घातलेली, चेहऱ्यावरची माशीही न हलणारी माणसं.

"हे सगळे?" मास्तर हादरले. "ह्यांना बघून हसू येतं लोकांना?"

"हसू? हसायचं कशाला?"

"मग काय करायचं?"

"अहो, टीम रोज सकाळी फोनवर जमते. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय. झालं. पूर्वी ऑफिसात उभ्याउभ्या करायचे, म्हणजे कुणी चऱ्हाट लावत नाही. म्हणून स्टँडअप."

मास्तरांचा उजवा पाय लायब्ररीच्या फरशीवर असा दाबला गेला, की शेजारच्या टेबलावरचा कॉफीचा कप हिंदकळला.

"आणि बग?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"बग म्हणजे कामातली चूक."

"आणि वाढपी?"

"कोण वाढपी?"

मास्तर निघाले. रस्ता ओलांडताना दोन गाड्यांनी काचा खाली करून "मास्तर, तुम्ही व्हा पुढे" म्हटलं, तेही त्यांना ऐकू आलं नाही. घरी येऊन ते स्वयंपाकघरात शिरले आणि डब्यावर बसले.

"अगं, ती विनोदी नाहीये."

"नाहीच आहे," बायको म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ती काय काम करते ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

"कुणी सांगितलं तुला?"

"तिनेच. मी विचारलं."

"मग मला का नाही बोललीस? मी स्टूल टाकून हसत होतो रोज!"

"मला वाटलं बरं आहे. निदान तिच्या दाराशी तरी बसताय."

"मग काय काम करते ती?"

"मी नाही सांगणार," बायकोने ओला हात पदराला पुसला. "दार आहे, दाराला कडी नाही. ठोठावा आणि विचारा. सगळ्या शहराला विचारता, 'गिअर कुठला?' म्हणून. हिला एवढं विचारायला काय होतं?"

काय होतं ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. आता तिला सांगायचं, की बाळ, मी न विचारता तुझ्या कार्यक्रमाची पाटी लावली आणि अख्खं शहर पाच वाजता तुझ्याकडे तोंड करून बसणार आहे. म्हणजे पुन्हा तोच चौक आणि तीच पाण्याची टाकी. ह्यावेळी 'अहो' सुद्धा उरला नसता.

त्यांनी दार ठोठावायला मूठ उचलली, तेवढ्यात दार आतून उघडलं. समोर मुलगी. हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला पाटीचा फोटो, आणि चेहरा असा, की मास्तरांनी तो गेल्या कित्येक वर्षांत बघितला नव्हता. ती हसत होती. दात दिसेपर्यंत.

"अहो बाबा! हे तुम्ही? तुम्ही स्टँडअप करणार?"

मास्तरांची उचललेली मूठ हवेतच राहिली.

"ब्रेकमास्तरांच्या घरचं! लोकांसमोर? माइकवर? आणि आम्हाला सांगितलंत पण नाही! आई, तुला माहीत होतं?"

"मला आत्ताच कळतंय," आतून आई म्हणाली. मागोमाग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

खरं सांगायला एक क्षण होता. त्या क्षणात मास्तरांनी तिचा हसरा चेहरा बघितला आणि तो विझताना कसा दिसेल तेही बघितलं.

"हो," ते म्हणाले. "मीच करणार आहे."

"मी येते!" ती म्हणाली. "काम गेलं खड्ड्यात, मी येते!"

दार बंद झालं. मास्तर धावत मोरीत गेले, आरशासमोर उभे राहिले आणि त्यांना पन्नास वेळा सांगितलेला एकसुद्धा विनोद आठवेना.

"अगं, काय बोलू मी?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"ओरडा," बायको म्हणाली. "लोक हसतात."

पाच वाजता लायब्ररी गच्च भरली. जुने रहिवासी पुढच्या खुर्च्यांवर, लॅपटॉपवाले मागे, सॉकेटच्या आसऱ्याने. पहिल्या रांगेत डॉक्टर हाताची घडी घालून. मुलगी शेवटच्या रांगेत आईशेजारी.

"आणि आता," लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "ब्रेकमास्तरांच्या घरचं स्टँडअप!"

मास्तर उठले.

"अरे, मुलगी कुठाय?" डॉक्टर मोठ्याने म्हणाले.

"गप बस, नाहीतर पुन्हा लर्निंगला बसवीन," मास्तर माइकवर म्हणाले, आणि पहिला हशा तिथेच पिकला.

पण पुढे काय? मास्तरांनी समोर बघितलं. एवढी सगळी डोकी. उजवा पाय आपोआप दाबला गेला. काही थांबलं नाही. डोक्यात होतं ते एवढंच, सकाळी दाढीने सांगितलेलं.

"तर," ते म्हणाले, "काल काय केलं. काल मी एका दाराबाहेर स्टूल टाकून बसलो होतो. आत माझी मुलगी बोलत होती. ती म्हणाली, बग मेला आणि परत उठला. आणि मी, मी शहाणा, बाहेर पोट धरून हसत होतो. मला वाटलं ही विनोद सांगतेय! रोज हसलो मी! सर्व्हर झोपला म्हणाली, मी म्हटलं, बिचारा वाढपी, दोन्ही वेळा राबत असेल!"

मागच्या रांगांमधून असा काही हशा उसळला, की एकाच्या मांडीवरचा लॅपटॉप घसरला. दाढी तर भिंतीला टेकली. पुढच्या रांगांना विनोद कळला नव्हता, पण मागचे का हसतायत म्हणून वळून बघताना त्यांनाही हसू यायला लागलं. "पाईपलाईन तुंबली म्हणाली, मी प्लंबरला फोन लावणार होतो!" मास्तरांना आता वारं भरलं होतं. "आणि हा दातवाला, ह्याला मी तोच किड्याचा विनोद सांगितला, तर म्हणतो कसा, वरच्या दर्जाचा आहे!"

"ते तूच म्हणालास!" डॉक्टर उभे राहून ओरडले.

"आज काय करणार," मास्तर म्हणाले. "आज मी हे जे करतोय ते करणार. मला येत नाही. मी पाटी लावली दुसऱ्याच्या भरवशावर, आणि ज्याच्या भरवशावर लावली त्याला विचारलंच नाही. म्हणून गाडी माझ्या अंगावर आलीये. बरोबरच आलीये."

शेवटच्या रांगेत मुलीचं हसू थांबलं होतं. ती आईकडे बघत होती. आई छताकडे बघत होती.

"आणि तिसरं. कुठे अडलंय." मास्तरांनी माइक दुसऱ्या हातात घेतला, मान खाली घातली आणि हळू आवाजात बोलायला लागले. ओठ हलत होते. मधेच त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. बराच वेळ बोलले. आणि एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही.

मग मागच्या सगळ्या रांगा, रोजच्या सवयीने, एका सुरात ओरडल्या:

"मास्तर, तुम्ही म्यूटवर आहात!"

"मूठ? कसली मूठ?" मास्तर दचकले.

"माइक! बटण दाबलं गेलंय! पुन्हा बोला!"

मास्तरांनी माइककडे बघितलं, तो उलटा केला, हलवला, त्यावर फुंकर मारली. आयुष्यात एकदा ते हळू बोलले होते आणि तेच वाया गेलं होतं. त्यांनी माइक बाईंच्या हातात दिला, छाती भरून घेतली आणि ज्या आवाजात त्यांनी सगळ्या शहराला क्लच शिकवला होता त्या आवाजात ओरडले:

"माझी मुलगी काय काम करते ते मला माहीत नाही! आणि तिला विचारायला माझी जीभ रेटत नाही! इथे अडलंय!"

बाहेर फुटपाथवर झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला. आत मास्तर तसेच उभे, चेहरा लाल, हात लोंबकळत. इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते, आणि आता परत घेता येणार नव्हतं.

मग शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. मीटिंगमध्ये करतात तसा.

"हे माझ्या नावावर टाका," मुलगी म्हणाली. "हे मी घेते. मीटिंग संपली की आपण दोघंच बाजूला बोलू."

"अस्संच!" दाढी उड्या मारत ओरडली. "अस्संच असतं! ह्यालाच स्टँडअप म्हणतात!"

त्यानंतर कार्यक्रम हाताबाहेर गेला. डॉक्टर उठले आणि "माझं पण घ्या" म्हणून सांगायला लागले. काल दाढ काढली, बरोबर होती तीच काढली, आज कवळी बसवणार, आणि अडलंय म्हणजे व्हायोलिन, मला स्वतःला ते आवडत नाही हो! इस्त्रीवाला उठला आणि मागच्या रांगांकडे बोट दाखवून म्हणाला, माझं पँटीवर अडलंय. मागच्यांनी तिथल्या तिथे पँटी द्यायचं कबूल केलं, एकाने तर पट्ट्यालाच हात घातला तेव्हा बाईंनी त्याला आवरलं. लायब्ररी बंद करायची वेळ झाली तरी कुणी ना कुणी उभं राहून सांगतच होतं.

बाहेर आल्यावर मास्तर आपल्या जुन्या शिकवणीच्या गाडीपाशी थांबले. बायको डॉक्टरांच्या बायकोबरोबर चालत पुढे गेली. मागे वळूनही न बघता, मुद्दाम.

"चावी द्या," मुलगी म्हणाली.

"तुला येते?"

"तिकडे शिकले."

"कुणाकडे?"

"एक बाई होत्या. त्या ओरडायच्या नाहीत."

"मग शिकवायच्या कशा?"

ती एवढी हसली, की तिला दार उघडता येईना. मास्तर शेजारच्या सीटवर बसले. गाडी सुरू झाली. क्लच असा सुटला, की मास्तरांना मनातसुद्धा गाय आठवली नाही.

"विचारा आता," ती रस्त्यावर नजर ठेवून म्हणाली.

"काय?"

"जिथे अडलंय ते."

मास्तरांनी सीटच्या पट्ट्याशी चाळा केला. "काय काम करतेस गं तू?"

"टेस्टिंग. दुसऱ्यांनी बनवलेलं लोकांपर्यंत जायच्या आधी मी तपासते. कुठे मोडेल, कुठे आदळेल, ते शोधते. सगळे म्हणतात, सोडा, सोडा, उशीर झालाय. आणि मी म्हणते, थांबा."

"आणि थांबतात?"

"थांबावंच लागतं. मी हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही."

मास्तर काचेतून समोर बघत म्हणाले, "म्हणजे गाडी दुसऱ्याची, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि ब्रेक तुझ्या पायाशी."

"हो."

"आणि बोलणी खातेस?"

"रोज. आणि अहो बाबा, ते दाराबाहेरचं हसणं तुमचं होतं होय? माझ्या टीमला वाटतं आमच्या शेजारी कुणीतरी सकाळपासून सिनेमे बघतं. मागच्या आठवड्यात तुम्ही एक दिवस नव्हतात, तर साहेब म्हणाले, 'आज हसले नाहीत, काहीतरी बिनसलंय, पुन्हा एकदा तपासा.' तपासलं. खरंच बिनसलेलं होतं!"

मास्तरांची छाती अशी फुगली, की पट्टा काचायला लागला. म्हणजे ते इतके दिवस नोकरीवर होते आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाण्याच्या टाकीचा चौक आला. समोरून एक सायकलवाला येत होता. लांब होता, सावकाश होता. मुलीला तो केव्हाच दिसला होता. तिने गाडी हळू केली होती. सगळं व्यवस्थित होतं. पण मास्तरांचा पाय मास्तरांचा नव्हता. तो गेला तो थेट ब्रेकवर. कचकन गाडी थांबली, दोघेही पुढे झुकले, आणि मागून डॉक्टरांच्या गाडीने, त्या शहरात कित्येक वर्षांनी, हॉर्न वाजवला.

"ए बाबा!" मुलगी किंचाळली. "काय करतोस?"

मास्तरांनी पाय उचलला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले. चेहरा अगदी गंभीर. डोळे मात्र पाण्याने भरलेले आणि हसणारे.

"टेस्टिंग," ते म्हणाले.